डावं मागचं चाक

माझी बायको इकुको गेल्याचं इतागाकीला माझ्याकडून कळलं. त्या दिवशी तिला जाऊन बत्तीस दिवस झाले होते.

त्याआधी इतागाकी नावाचा माणूस मला माहीतच नव्हता. एकोणपन्नासाव्या दिवसाच्या विधीचं ठरवायला देवळात जायचं म्हणून मी इकुकोची छोटी पांढरी गाडी काढली, तर डावं मागचं चाक बसलेलं. हवा भरली. चार दिवसांनी पुन्हा बसलं. खिळा नाही, चीर नाही. दाराच्या आतल्या बाजूला ऑइल बदलल्याची चिठ्ठी चिकटवलेली होती. तिच्यावर ओमागारी गावाच्या पलीकडच्या एका टायरवाल्याचं नाव होतं. घराजवळचे दोन पेट्रोल पंप सोडून ती इतक्या लांब का जात होती, ते बघायला मी गेलो.

गाडी दुकानासमोर नीट थांबलीही नव्हती. एक माणूस हवेचा पाइप ओढत बाहेर आला, सरळ डाव्या मागच्या चाकापाशी बसला आणि टोपण फिरवायला लागला.

"वहिनी, या खेपेला महिना लावलात! हे तर पार रुसलंय. मला वाटलं, दुसरा टायरवाला गाठलात की काय."

ज्याला मी कधी पाहिलं नव्हतं, तो माझ्या बायकोला वहिनी म्हणत होता. मी उतरलो.

"मी तिचा नवरा. इकुको वारली. गेल्या महिन्यात."

तो बसल्या जागीच राहिला. पाइपमधून हवा सुटत होती, ती त्यानं बंदही केली नाही. मग बाही तोंडावर धरून रडायला लागला. साठीचा, टकला, काळ्या हातांचा माणूस, लहान मुलासारखा आचके देत रडत होता. मी उभा राहून बघत होतो. दवाखान्यात मी रडलो नव्हतो. स्मशानात तिची हाडं काड्यांनी उचलून भांड्यात ठेवतानाही रडलो नव्हतो. याला कुणी अधिकार दिला, एवढंच माझ्या डोक्यात आलं.

"किती दिवस येत होती?" मी विचारलं.

"सात हिवाळे. दर दहा दिवसांनी. चाकं जुनी आहेत हो, मीठ खाऊन रिमला पांढरी भुकटी सुटलीय. टायरची कड रिमला घट्ट बसतच नाही. जरा जरा हवा जाते."

तीस हिवाळे मी सरकारी ट्रक चालवला, बर्फ वितळावा म्हणून रस्त्यावर मीठ टाकणारा. ते मी त्याला सांगितलं नाही.

"मग दुरुस्त का नाही केलं?"

"दर वर्षी म्हणायचो. टायर काढायचा, रिम घासायची, लेप लावायचा. तासाचं काम. वहिनी म्हणायच्या, राहू द्या, पुन्हा येईन." त्यानं नाक पुसलं. "मग स्टोव्हपाशी बसून चहा घ्यायच्या. हिवाळा तोंडावर आला की मागच्या शेडमध्ये आम्ही मुळे धुरावर टांगायचो. त्यांच्या हातचं लोणचं म्हणजे…"

धुरावरच्या मुळ्यांचं लोणचं आमच्या घरात सात वर्षं झालं नव्हतं. डॉक्टरनं माझं मीठ बंद केलं, तेव्हा इकुको म्हणाली होती, घरात एकानं खायचं नाही तर दोघांनीही नको. मला तेव्हा फार बरं वाटलं होतं.

"अस्थी घरीच असतील ना अजून?" इतागाकी म्हणाला. "उदबत्ती लावायला येऊ का?"

"फक्त घरच्यांपुरतंच ठेवलंय," मी म्हणालो.

"निदान चाक तरी करून देतो."

"चाकाचं मला कळतं."

घरी येऊन मी चाक काढलं. आधी व्हॉल्व्ह बदलला, कारण इतागाकी चुकलेला मला हवा होता. साबणाचं पाणी ओतलं, तर बुडबुडे कडेलाच आले. मग टायर गाडीखाली घालून जॅकनं दाबून कड सोडवली आणि रिमला ग्राइंडर लावला. तिथं तारेचा ब्रश पुरतो, हे मला माहीत होतं. पण हात थांबेना. दर दहा दिवसांनी चहा. दर दहा दिवसांनी वहिनी. चाक आतून चकाकलं, तेव्हा कडेच्या जागी नखाएवढी खोल खाच पडलेली होती. टायर बसवून हवा भरली. आधी चार दिवस टिकायची, आता जेवण होईपर्यंतही टिकली नाही.

माझी थोरली बहीण फुसाए एकोणपन्नासाव्या दिवसाला कुणाकुणाला बोलवायचं ते विचारायला आली, तेव्हा मी त्या चाकापाशीच बसलो होतो.

"काय रे नोबु, चाकाशी भांडतोस? चाक तरी उलट बोलतं का?"

"ताई, इतागाकी कोण ते तुला माहीत आहे?"

"टायरवाला ना? त्याच्याकडचे मुळे दर वर्षी मला मिळायचे. बरे असायचे, धूर जरा जास्त."

"तुलाही माहीत होतं!"

"लपवायचं काय त्यात? अर्ध्या गावाला माहीत होतं."

"मला नव्हतं."

"तू विचारलंस कधी?"

"काय विचारायचं?"

"कुठे जाऊन आलीस, एवढंच. पहाटे ट्रक घेऊन जायचास, दुपारी येऊन झोपायचास. निवृत्त झालास तर टीव्हीपुढे झोपायला लागलास. ती गाडी घेऊन गेली काय न् आली काय, तुला पत्ता असायचा?"

ताई तिच्या वहीत नावं लिहीत राहिली.

दुसऱ्या दिवशी चाक घेऊन मी परत गेलो. इतागाकीनं खाचेवरून अंगठा फिरवला.

"हे कुणी केलं?"

"मी."

"माझं डोकं समजून घासलंत वाटतं."

मला हसू येणार होतं, ते मी दाबलं. त्यानं खाच भरली, ती सुकेपर्यंत रिमची दुसरी बाजू ब्रशनं घासली. जोर न लावता, एकाच दिशेनं. काळा लेप बोटानं पातळ फिरवला. टायर चढवला, हवा भरली आणि चाक पाण्याच्या टाकीत बुडवून हळूहळू फिरवलं. आम्ही दोघंही वाकून बघत होतो. एकही बुडबुडा आला नाही. त्यानं चाक बाहेर काढून फडक्यानं पुसलं, आणि नको तितका वेळ पुसत राहिला.

"ती तुमच्याकडे का येत होती?" मी विचारलं.

"ठाऊक नाही."

"सात वर्षं येत होती आणि ठाऊक नाही?"

"कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर बहुतेक यायच्या थांबल्या असत्या." तो माझ्याकडे बघत नव्हता. "बोलायच्याही फार नाहीत. रस्त्यावरून मिठाचा ट्रक गेला की घड्याळ बघायच्या. मग उठायच्या."

हे ऐकून मला बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. ती घड्याळ बघत असताना हा तिच्याकडे बघत होता, आणि मी ट्रकमध्ये होतो.

निघताना त्यानं शेडचं दार उघडलं. आत एक पिंप होतं, वर दगड ठेवलेला.

"जायच्या आधल्या आठवड्यात त्यांनी मुळे कोंड्यात मुरत घातलेत. अजून तीन आठवडे लागतील. तुमचं आहे हे. घेऊन जा."

"मला मीठ चालत नाही."

"मग?"

"राहू दे इथेच," मी म्हणालो. बाहेर येऊन गाडीत बसलो तेव्हा वाटलं, पिंप न्यायला हवं होतं. आता ते तो उघडणार.

चाक बसवून चौदा दिवस झाले. रोज सकाळी मी गेज लावून बघतो. हवा जराही उतरलेली नाही. त्याच्याकडे जायला आता मला काही कारण नाही. एकोणपन्नासावा दिवस परवा रविवारी आहे, त्या दिवशी अस्थी कबरीत ठेवायच्या. ताईच्या वहीत बारा नावं झाली आहेत. इतागाकीला अजून काही कळवलेलं नाही.