आईची ऋतुवार वाटणी

बाईंचा मधला मुलगा हवामान खात्यात साहेब होता, आणि हे तो चपला घालतानासुद्धा विसरत नसे. वडील गेल्यावर घर विकायचं आणि आईला कुणी ठेवायचं, हे ठरवायला चारही भावंडं जमली, तर हा पठ्ठ्या चक्क देशाचा नकाशा घेऊन आला. बाई मनात म्हणाल्या, बघू आता काय दिवे लावतोय.

जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरून त्याने सुरुवात केली. थोरला समुद्रकाठी राहतो, तिथे थंडी बोचत नाही. आई हिवाळ्यात त्याच्याकडे. लेक डोंगरावर, तिथे उन्हाळ्यात पंखासुद्धा लागत नाही, उन्हाळा तिचा. धाकटा डोंगरापलीकडे. ढग अलीकडेच रिकामे होतात, तिकडे नुसता वारा. म्हणजे पावसाळ्यात आईचे गुडघे धरायचे नाहीत. सगळ्यांनी माना डोलावल्या. एकेक नग नुसता!

"आणि तुझ्याकडे कधी?" बाईंनी विचारलं.

"आमच्याकडे टोकाचा ऋतूच नाही गं. ऊन बेताचं, थंडी बेताची, पाऊसही बेताचाच. बाराही महिने सारखं."

"म्हणजे बाराही महिने बरं."

"तसं नाही... म्हणजे शास्त्रीयदृष्ट्या..." साहेबांची जीभ अडखळली.

बाईंना आधी हसू आलं, मग संताप आला. याच घराचा पत्रा तापून भट्टी व्हायची, पावसात चार ठिकाणी भांडी ठेवावी लागायची, आणि त्यातच त्यांनी ही चार कार्टी वाढवली होती. त्यांना आता एवढंच हवं होतं, की चौघांतल्या एकाने तरी म्हणावं, "राहू दे घर, तू इथेच राहा, आम्ही येत जाऊ." पण चौघंही नकाशावरच बोटं फिरवत बसली.

"बरं, मी मेले तर कुणाच्या ऋतूत मरायचं?"

जरा लाज असती तर मान खाली गेली असती. मधल्याने डोकं खाजवलं. "तसं बघितलं तर या वयात धोका थंडीतच जास्त."

थोरला ताडकन उठला. "मग हिवाळा माझ्याच गळ्यात का? मला पावसाळा दे!"

"वा रे वा, दादा! तुझ्याकडे पावसाळ्यात जिन्यापर्यंत पाणी चढतं," धाकटा म्हणाला. "आणि मी काय हिवाळा घेऊ? आमच्याकडे रात्री हाडं गोठतात."

"माझ्याकडे तर बर्फ पडतो," लेकीने घाईघाईने सांगून टाकलं.

चौघंही नकाशावर तुटून पडली. आई समोर उभी आहे, याचंही कुणाला भान नव्हतं.

"घर विकायचं नाही," बाई म्हणाल्या. कुणीतरी काही बोलायला गेलं, तसं त्यांनी हात वर केला. "मी इथेच मरणार आहे. त्या दिवशी हवा बरी असली, तर या."