जिन्यातली कोंडी

युद्धाआधी तो टॅक्सी चालवायचा, म्हणून तुकडीत सगळे त्याला टॅक्सीवालाच म्हणत. आता त्याच्या हातात बुटाच्या खोक्याएवढी, पट्ट्यांवर रांगणारी गाडी होती. तिचं नाव कासव. पुढे कॅमेरा नि माइक, आणि अडकलेल्या रहिवाशांना हाक मारायला वर छोटा भोंगा. आधी कासवाने घर बघायचं, मग माणसांनी आत शिरायचं, असा शिरस्ता होता.

टॅक्सीवाला न्हाव्याच्या फुटक्या दुकानात, दाढीच्या खुर्चीत पडद्यापुढे बसला होता. दाराशी सगळ्यात पुढे त्याचा मेहुणा. समोरच्या इमारतीत पहिलं पाऊल त्याचंच पडणार होतं.

"भाऊजी, उरका की. पायाला मुंग्या आल्या."

"तुला काही झालं तर तुझी बहीण मला उंबऱ्याच्या आत घेणार नाही. गप बस."

कासव जिना चढलं आणि वळणावर थबकलं. वरून शत्रूचं कासव उतरत होतं. नाकाला नाक भिडलं. जिना इतका अरुंद, की कुणीतरी मागे घेतल्याशिवाय सुटका नव्हती.

टॅक्सीवाल्याचा अंगठा सवयीने हॉर्न शोधू लागला. सापडला भोंगा.

"ए, मागे घे!"

वरचा भोंगा खरखरला. दोन्हीकडची भाषा एकच, त्यामुळे भांडणाची उत्तम सोय होती. "तू घे. मी आधी आलोय."

"चढणाऱ्याला वाट द्यायची असते. गाडी शिकलास कुठे?"

"बस चालवायचो मी, बस! मला शिकवू नकोस."

"अरेरे, बिचारे प्रवासी. रिव्हर्स जमत नाही वाटतं?"

बसवाल्याला हे मात्र झोंबलं. "जमत नाही? अरे, घेऊ कुठे मागे? वरच्या पायऱ्यांवर आमची माणसं बंदुका रोखून बसलीत, त्यांच्या अंगावर घालू?"

मग वरून कुणीतरी कपाळावर हात मारल्याचा आवाज भोंग्यातून स्वच्छ ऐकू आला.

मेहुण्याने उंबऱ्याबाहेर टाकलेला पाय अलगद आत घेतला. तुकडीच्या हवालदाराने मागच्या गल्लीकडे बोट दाखवलं. माणसं वाकून एकेक करत तिकडे सरकली.

"ऐक ना," वरचा भोंगा कुजबुजला, "तू काही ऐकलं नाहीस असं नाही का होणार?"

"नाही होणार. पण मागे मीच घेतो. तुझ्या मागे खरंच अडचण आहे."

"भाऊजी, तुम्ही आणि वाट दिलीत?" मेहुणा जाता जाता म्हणाला.

टॅक्सीवाल्याने कासव एकेक पायरी उलटं उतरवलं, कुठेही न घासता, आणि मागे एकदाही न बघता कॅमेरा मुद्दाम वर, बसवाल्यावर रोखून ठेवला.