बुटकीची पानं

बुटकी घरात सगळ्यांत उंच, पण लहानपणी पडलेलं नाव काही सुटलं नाही. ती जाऊन आठ महिने झाले, आणि आता तिचा लॅपटॉपही शेवटच्या घटका मोजत होता. तिने इंटरनेटवर जपून ठेवलेली पानं, ते बुकमार्क, तेवढे तरी हातचे जाऊ नयेत म्हणून आईने धाकट्या दिराला बोलावलं. कॉम्प्युटर दुरुस्तीत माणूस पक्का, पण तोंडाचा पट्टा कधी बंद नाही.

“सोपं आहे हो वहिनी! बुकमार्क एका फाइलीत बांधायचे, तुमच्या ब्राउझरमध्ये सोडायचे. मग तिचं प्रोफाइल सगळीकडून कायमचं काढून टाकू.”

‘कायमचं’ ऐकून आईने लॅपटॉप जरासा आपल्याकडे ओढला. “बघा भाऊजी, नीट करा,” एवढंच ती म्हणाली.

यादी उघडली आणि त्याची बडबड थांबली. सगळ्यांत वरचा बुकमार्क आजचा होता. दुपारी दीडचा. ‘उंच मुलींसाठी सायकली.’ त्याखाली कालचा, परवाचा. रोज एक, दीड वाजताच.

आईने खुर्ची मागे सरकवली.

“भूतबीत काही नाही,” दीर घाईने म्हणाला. “दुसऱ्या कुठल्या कॉम्प्युटरवर तिचं प्रोफाइल उघडं राहिलं असेल. तिथे ठेवलेलं इथे येतं.”

आईला आठवलं. कसलासा फॉर्म छापायला बुटकी बाबांच्या ऑफिसात जाऊन त्यांच्या कॉम्प्युटरवर बसली होती. बाबांची जेवणाची सुट्टी दीडची! आठ महिन्यांत या माणसाने पोरीचं नावसुद्धा काढलं नव्हतं. दगड आहे नुसता, म्हणून ती त्याच्यावर धुसफुसत होती. आणि हा रोज तिच्यासाठी पान ठेवतो? तिला भडभडून आलं.

संध्याकाळी बाबा दारात आले, तशी ती म्हणाली, “अहो, मला सांगायचंत तरी. बुटकीच्या प्रोफाइलमध्ये रोज ठेवता ते.”

बाबांनी हातातली पिशवी खाली ठेवली.

“म्हणजे तू नाही ठेवत?”

“मी?”

“मी नुसतं उघडून बघतो गं. रोज एक नवं आलेलं असतं. वाटलं, घरून तू ठेवतेस. म्हणून बोललो नाही. म्हटलं, तुझं तेवढं चालू राहू दे.”

लॅपटॉपपाशी बसलेल्या दिराचं बोट घाईने ‘काढून टाका’च्या बटणाकडे गेलं.

“हात काढा भाऊजी,” आई म्हणाली. “उद्या दीडला तिला लागेल ते.”