दोर सुटल्यानंतरची प्रकरणं

मित्रांनो, टेबलाच्या खालच्या खणात लोकरीच्या मोज्यात गुंडाळून ठेवलेली मी एक जुनी हार्ड डिस्क आहे. मोजा धुतलेला आहे, गैरसमज नको.

धुळीच्या कणालाही मज्जाव असलेल्या एका कारखान्यात माझा जन्म झाला. माझ्या पोटात चकचकीत तबकड्या फिरतात. लिहिताना मजकूर तुकड्यातुकड्यांनी, मिळेल त्या कोपऱ्यात कोंबला जातो, त्यामुळे आत काय आलं ते मला उमगत नाही. कोणी तो परत मागितला की तुकडे ओळीने जुळतात आणि मगच मलाही कळतं. तोवर नुसती उत्सुकता!

मी ज्या घरातल्या कॉम्प्युटरमध्ये आले, तिथे एक सूनबाई आणि तिचे सासरे राहायचे. बाबांची दृष्टी गेली होती, पण गोष्टींचं वेड काही जात नव्हतं. म्हणून कामावर जाण्याआधी सूनबाई पलीकडच्या खोलीत दार लावून बसायची, जहाजावरच्या एका आचाऱ्याची जाडजूड कादंबरी फोनवर वाचायची आणि ते रेकॉर्डिंग माझ्यात टाकायची. दुपारी बाबा हेडफोन लावून ऐकायचे. त्यांच्याबरोबर मीही ऐकायचे.

एका वादळात आचारी डोलकाठीवर चढला. त्याच्या हातातून दोर सुटला आणि नेमकी तिथेच मी भरले. जुन्या सिनेमांनी आधीच माझी अर्धी जागा अडवली होती. सूनबाईने दुसरी डिस्क आणून माझ्या शेजारी बसवली. कॉम्प्युटरची सिस्टीम तिच्यावर गेली आणि पुढची प्रकरणंही तिच्याकडेच. आम्ही शेजारी शेजारी, पण एकमेकींशी बोलायची सोय नाही.

"सूनबाई, या आचाऱ्याने तर कमालच केली गं!" सूनबाई घरी असली की बाबा ओरडायचे.

"बाबा, हेडफोन तुम्ही लावलाय, शेजाऱ्यांनी नाही. हळू बोला."

अहो, पण कमाल केली म्हणजे काय केलं? तो जगला की बुडाला? मला कोण सांगणार!

पुढे सूनबाईच्या घशाची शस्त्रक्रिया झाली. आवाज राहिला, पण घोगरा आणि चार वाक्यांत थकणारा. तिचा पहिला आवाज आता आम्हा दोघींतच उरला होता. त्यातच माझी शेजारीण डिस्क कुरकुरायला लागली, मध्येच अडायला लागली. ही गेली तर आचाऱ्याबरोबर सूनबाईचा अर्धा आवाजही जाणार होता.

दुरुस्तीवाल्या ताई आल्या. त्यांनी तळहाताएवढी, आवाज न करणारी नवी डिस्क आणली आणि आम्हा दोघींमधलं सगळं तिच्यात उतरवलं. मग आम्हाला बाहेर काढून कॉम्प्युटर सुरू केला. पडदा काळाच राहिला.

"काय झालं?" बाबांनी विचारलं.

"सुरू होत नाहीये," सूनबाई म्हणाली.

बाबा खुर्चीचा हात धरून उठले. "गेला का गं तुझा आवाज?"

"थांबा बाबा, घाबरू नका," असं म्हणत ताईंनी डोकं खाजवलं आणि मला परत जोडलं. पडदा उजळला!

"अरेच्चा! सिस्टीम दुसऱ्या डिस्कवर होती, पण ती सुरू करून देणारा भाग या आजीबाईकडेच राहिला होता. मी तेवढंच बघितलं नाही."

मला तरी कुठे माहीत होतं? पण फुशारकी मारायची संधी कोण सोडतं! तो भागही नव्या डिस्कवर गेला. ताईंनी पहिलं आणि शेवटचं प्रकरण बाबांच्या हेडफोनवर लावून दिलं. सूनबाईचा जुना, मोकळा आवाज कानात पडताच बाबांनी हेडफोन दोन्ही हातांनी धरला. सूनबाईने डोळे पुसले.

"आता सगळं एका जागी आलं, सोय झाली," ताई म्हणाल्या. "पण ही बिघडली तर सगळं एकदमच जाईल. आजीबाई धडधाकट आहे, हिच्यात दुसरी प्रत ठेवा. आणि अधूनमधून लावून बघत जा हं."

"बघेन की," सूनबाई म्हणाली.

माझ्यातले सिनेमे पुसले गेले आणि अख्खी कादंबरी माझ्यात आली. मग मोजा, मग खण. त्यानंतर मला कोणी बाहेर काढलेलं नाही.

मित्रांनो, तुमच्याही खणात माझ्यासारखी कोणी पडून असेल. तिला काढा, जोडा, आतलं नीट चालतं का ते बघा. एखाद्याचा आवाज फक्त तिच्याकडेच उरलेला असू शकतो. आणि आमच्या घरी आलात, तर सूनबाईला आठवण करून द्या. दोर सुटल्यानंतरचं पहिलंच प्रकरण लावा म्हणावं. उत्तर माझ्याच पोटात आहे, आणि मला अजून ठाऊक नाही.