तीन आखूड पिसं

बुडाचं मांस खरवडल्याशिवाय टर्की पक्ष्याचा पिसारा वाळत घालू नका, हे मी अमेरिकेतल्या आमच्या ओझार्कच्या डोंगरात निम्म्या गावाला बजावलेलं आहे. आणि डेलबर्टकाकांच्या शेवटच्या टर्कीला कसर लागली ती माझ्याच शेडमध्ये. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण!

काका आमचे शेजारी, ब्याऐंशी वर्षांचे. माझे वडील भावांना शिकारीला न्यायचे आणि मला म्हणायचे, "तू भांडी घास." मला नेलं ते काकांनी. लाकडी पेटी घासून नराला भुलवणारी मादीची हाक काढायला शिकवली. चौदाव्या वर्षी माझा पहिला नर आला तोही त्यांच्याच हाकेला. अवघ्या वर्षाचा, आमच्याकडे त्याला जेक म्हणतात. जेकची मधली पिसं तेवढी लांब, बाजूची आखूड. मोठ्या नराच्या पिसाऱ्याची कमान कशी एकसारखी असते. भाऊ पोट धरून हसले. काकांनी मात्र तो पिसारा अक्रोडाच्या फळीवर लावून दिला. बेचाळीस वर्षं तो माझ्या भिंतीवर आहे.

या एप्रिलमध्ये काकांना लांबून येणारं नराचं ओरडणं ऐकूच येईना. म्हणून हाक मी दिली, आणि आवाज कुठून येतोय ते त्यांच्या गुडघ्यावर थोपटून सांगितलं. एकदा म्हणजे डावीकडे, दोनदा म्हणजे उजवीकडे. काकांच्या एका बारात नर पडला.

"झालं, नेल्डा," काका म्हणाले. "आता बंदूक खाली ठेवली. याचा पिसारा तेवढा माझ्या खाटेशेजारी लाव."

त्याच दुपारी मी पिसाऱ्याची उजवी बाजू खरवडली. तेवढ्यात काकांनी मक्याच्या पिठात घोळवून तळलेल्या मांसाचा वास आला आणि पाठोपाठ त्यांची आरोळी, "गार होतंय गं!" खादाड मेली मी, उठले. जेवून आले ती थेट टाकणखार भुरभुरला आणि पिसारा पुठ्ठ्यावर टाचण्यांनी फुलवून ठेवला. डावी बाजू राहिली ती राहिलीच.

तीन आठवड्यांनी टाचण्या काढल्या, तर डावीकडची तीन पिसं हातात आली. पार चाळण झालेली. मी तिथेच बसून रडले. हंगाम संपला होता, आणि काकांच्या नरात कुणा परक्याचं पीस घालायला मन धजेना. शेवटी माझा जेक भिंतीवरून उतरवला आणि त्याची डावीकडची तीन पिसं उपटून तिथे चिकटवली. दोन बोटं आखूड पडली. वर ओढावीत तर बुडाशी फट पडत होती. तशीच ठेवली. पिसारा फळीवर लावला, नराच्या छातीवरचा केसांसारखा झुबका, आम्ही त्याला दाढी म्हणतो, झाडलेल्या काडतुसात खोवून खाली बसवला आणि फळी घेऊन काकांकडे गेले.

काकांनी ती मांडीवर घेऊन कमानीवरून बोट फिरवलं. डावीकडे आल्यावर ते पायरी उतरल्यासारखं खाली आलं.

"ही पिसं माझ्या नराची नाहीत."

"काका, चुकलं माझं. मांस खरवडायचं राहिलं, कसर लागली."

"ही जेकची आहेत." त्यांनी वर पाहिलं. "तुझ्या जेकची?"

मी मान डोलावली.

"वेडी की काय! म्हाताऱ्याच्या हौसेपायी पहिला नर बोडका केलास?"

"तुम्ही नेलं नसतंत तर कुठला नर आणि कुठलं काय! अजून भांडीच घासत असते."

 काकांनी फळी उलटी केली. मागच्या बाजूला तारीख, जागा आणि हाक कुणी दिली ते लिहायची आमची रीत. मी लिहिलं होतं, 'डेलबर्टचा नर. हाक: नेल्डा.' त्यांनी पेन मागितलं आणि खाली लिहिलं, 'तीन पिसं नेल्डाच्या पहिल्या नराची. हाक: डेलबर्ट.'

"आता कसं बरोबर झालं," ते म्हणाले. "लाव. आणि आखूड बाजू माझ्या उशीकडे येऊ दे."