मेघनाच्या नावाने

दुपारी दुकानात गिऱ्हाईक कमी असतं, म्हणूनच हितेंद्रने ती वेळ धरली असावी, असं मेघनाला नंतर वाटलं. ठाकूरद्वारच्या चष्म्याच्या दुकानात ती काउंटरवर होती. एक आजोबा नवी फ्रेम नाकावर बसवून आरशात बघत होते आणि तिचा फोन वाजला.

"मेघू, ऐक ना," दादा म्हणाला. "माझं इन्स्टा लॉक झालंय. पासवर्ड रिसेट करतोय, पण माझ्या नंबरवर कोडच येत नाहीये. म्हणून तुझा नंबर टाकलाय. आला असेल बघ."

कोड आला होता. हा कुणालाही सांगू नका, असं खाली लिहिलं होतं. ते तिने वाचलंही. पण दादा काही परका नव्हता. तिने आकडे सांगितले.

"गुणाची गं माझी," म्हणत त्याने फोन ठेवला. दोन वर्षांत तो तिच्याशी इतकं गोड बोलला नव्हता.

चहाच्या वेळी तिने इन्स्टा उघडलं, तर ते लॉगिन करायला सांगत होतं. पासवर्ड चुकीचा. पुन्हा टाकला, तरी चुकीचा. तिने 'पासवर्ड विसरलात?' दाबलं. कोड पाठवला आहे असं आलं, आणि पुढे फुल्यांनंतर नंबरचे शेवटचे दोन आकडे. ते तिच्या नंबरचे नव्हते. हितेंद्रच्या नंबरचे होते.

तिने कप खाली ठेवला. त्या अकाउंटमध्ये लपवण्यासारखी एकच गोष्ट होती, तिची मोठी बहीण प्रिती.

प्रितीने गौतमशी लग्न केलं तेव्हा लालबागच्या त्यांच्या खोलीत कित्येक दिवस कोणी मोठ्याने बोललं नव्हतं. गौतम माझगावचा. शिकलेला, सरळ मुलगा. पण तो आपल्यातला नाही, एवढंच बाबांना दिसलं. वर्षभरात बाबा हार्ट ॲटॅकने गेले. बाराव्याला हितेंद्र सगळ्यांसमोर म्हणाला, "तिनेच मारलं त्यांना. मी तिला सोडणार नाही." दुःखात बोलला, म्हणून लोक विसरून गेले. मेघना विसरली नाही, कारण त्यानंतर तो ते पुन्हा कधीच बोलला नाही.

प्रिती नाशिकला आहे, एवढंच मेघनाला ठाऊक होतं. पत्ता नको, नंबर नको, असं दोघींनी ठरवलं होतं. माहीतच नसेल तर कोण वदवून घेणार? 'जास्वंद' नावाच्या अकाउंटवरून प्रिती लिहायची, मेघना वाचून पुसून टाकायची. अलीकडचे फोटो मात्र तिच्याने पुसवले नव्हते. प्रितीला सातवा महिना लागला होता.

मेघनाने घाईघाईत नवं अकाउंट उघडलं. "ताई, मी मेघना. माझं अकाउंट दादाच्या हातात गेलंय. त्याला काही सांगू नकोस."

उत्तर लगेच आलं. "मेघूने आत्ताच सांगितलंय, तिच्या नावाने कुणीतरी खोटं अकाउंट काढलंय म्हणून. लाज वाटू दे." आणि ब्लॉक.

तिने घरी फोन लावला.

"आई, दादा कुठाय?"

"गाडी घेऊन गेलो हा, वैभवबरोबर." वैभव म्हणजे मामाचा मुलगा. आईचा आवाज कधी नव्हे तो हलका होता. "तुका सांगू नको म्हणालो तो, पण सांगतंय. प्रितीक आणूक गेलो. तिची ओटी भरूक हिरवी साडी दिलंय मी, माझ्या पेटीतली. पत्तो तूच दिलंस ना? तसा म्हणालो तो."

"आई, तो तिला आणायला नाही गेलेला."

आई म्हणाली, "असा वायट कित्याक बोलतंस?" आणि फोन बंद झाला.

प्रितीने एकदा गौतमचा फोटो पाठवला होता. तो कामाला होता त्या ट्रॅक्टरच्या शोरूमबाहेर उभा, मागे पाटीवरचं अर्धंच नाव. फोटो आता तिच्याकडे नव्हता, पण पाटीचा रंग आठवत होता. नाशिकमधल्या ट्रॅक्टरच्या शोरूम शोधून तिने एकेक नंबर फिरवायला सुरुवात केली. "इथे कोणी गौतम नाही," हेच ऐकत होती. शेवटी एक बाई म्हणाली, "गौतम सर होय? थांबा, देते."

"भावोजी, मी मेघना."

"तू इथे कसा फोन केलास? प्रिती तर दुपारपासून तुझ्याशीच चॅट करतेय."

"ती मी नाहीये. माझं अकाउंट दादाने बळकावलंय."

गौतमने विचारलं, "आणि तू मेघना आहेस, हे कशावरून?"

"नंबर द्या. व्हिडिओ कॉल करते."

तिचा चेहरा पाहिला आणि गौतमचा उतरला. "तू म्हणालीस, आईने साडी पाठवलीय. म्हणजे तो म्हणाला. एक माणूस संध्याकाळी घेऊन येईल म्हणाला. प्रितीने पत्ता दिलाय."

"निघा, भावोजी. आत्ताच्या आत्ता."

त्यानंतर तो नंबर लागला नाही. शोरूमवाली बाई म्हणाली, सर बॅगसुद्धा न घेता गेले.

दुसऱ्या दिवशी हितेंद्र परतला. साडीची पिशवी त्याने आईच्या पुढ्यात ठेवली. "दाराला कुलूप होतं," एवढंच म्हणाला. आंघोळ केली, जेवायला बसला. मेघना वाढत होती. त्याने वर बघितलं.

"हुशार झालीस गं."

आवाज चढवला नाही, हात उगारला नाही. भाकरी मोडून त्याने माशाच्या तिखल्यात बुडवली.

"दादा, माझा पासवर्ड दे."

"कसला पासवर्ड?" तो म्हणाला.

मेघनाने चेहऱ्याचा व्हिडिओ काढून इन्स्टाकडे अकाउंट परत मागितलं आणि वाट बघत राहिली. एके दुपारी दुकानातली स्पृहा तिच्याजवळ आली. "मेघना, तू इथे काय करतेस? आई एवढी सिरियस असताना?"

स्पृहाच्या फोनवर मेघनाच्या नावाने टाकलेला फोटो होता. आई खाटेवर, डोळे मिटलेले, गळ्यापर्यंत चादर. खाली ओळ होती, "आईचं काही खरं नाही. ताई, एकदा येऊन जा."

सकाळी त्याच आईने तिला डबा भरून दिला होता.

मेघना टॅक्सीने लालबागला आली. चाळीच्या गेटपाशी हितेंद्र आणि वैभव बाइकला टेकून रस्त्याकडे बघत उभे होते. ती त्यांच्यासमोरून आत गेली. दोघांनीही तिला अडवलं नाही.

आई मोरीजवळ बसून बांगडे साफ करत होती.

"हा फोटो कधी काढला?"

"काल. हितू म्हणालो, डोळे मिटून पड. त्याशिवाय ती येवची नाय." आई मान वर करत नव्हती.

"आणि आल्यावर?"

आईचा हात विळीवर थांबला. ती म्हणाली, "साडी ठेवूक गाडीकडे गेलंय, तेव्हा सीटखाली कोयतो बघलंय. म्हटलंय, असात कित्याक तरी."

फोन थरथरला. अकाउंट परत मिळालं होतं. मेघनाने नवा पासवर्ड टाकला, जोडलेला नंबर बदलला आणि मेसेज उघडले. तिच्या नावाने त्याने लिहिलेलं सगळं तिथे होतं. तेच 'ताईडे', तीच थट्टा, बाळाला कानटोपी विणण्याची तीच गोष्ट. तिने स्वतः लिहिलं असतं तर असंच लिहिलं असतं.

सर्वांत खाली प्रितीचा तासाभरापूर्वीचा मेसेज होता. "तू मेघू आहेस की दादा, मला कळत नाही. पण आई खरंच जात असेल तर मला राहवणार नाही. गौतमला न सांगता निघालेय."

"येऊ नकोस, आई बरी आहे, मी मेघना," तिने लिहिलं.

"मघाशी ये, आता येऊ नकोस. कोणत्या मेघनाचं ऐकू?"

तिने व्हिडिओ कॉल लावला. प्रितीने उचलला नाही.

आई जवळ येऊन उभी होती. "ह्येच्यात बोलूक येता?"

मेघनाने माइकचं बटण दाबून फोन तिच्या तोंडाशी धरला. माशांच्या रक्ताने माखलेले हात आईने मागे धरले आणि खाली वाकली.

"प्रिती, मी आई. माका काय एक झालेला नाय. हितूच्या मनात पाप असा. तू हय येव नको गो. माझा मढा बघूक पण येव नको."

मेसेज गेला. प्रितीने ऐकल्याची खूण उमटली. मग एकच ओळ आली, "वाटेतच उतरतेय. परत फिरते." थोड्या वेळाने प्रोफाइलवरचं जास्वंदीचं फूल गेलं, नाव गेलं, अकाउंटच नाहीसं झालं.

जिना चढल्याचा आवाज आला. हितेंद्र चपला न काढता आत आला. हातातल्या फोनकडे बघत त्याने विचारलं, "पासवर्ड कुणी बदलला?"

मेघना बोलणार एवढ्यात आई पुढे झाली. साधा फोनही तिला कोणीतरी लावून द्यावा लागायचा.

"मी," ती म्हणाली.

हितेंद्रने तिच्याकडे पाहिलं. मग हात मागे नेऊन त्याने दाराला कडी घातली.