हात तेवढा

"हे वाक्य ठेव," फिल्मच्या वर्गात शिकवणारी बाई म्हणाली. "यानंच तर फिल्ममध्ये जीव येतोय."

टाचणीनं ऐकून घेतलं आणि ते वाक्य कापून टाकलं.

टाचणी हे काही तिचं खरं नाव नव्हे. ड्रायक्लीनरच्या दुकानामागच्या खोलीत ती दिवसभर तोंडात टाचण्या धरून कपडे आल्टर करायची, त्यात जीभही टोचरी, म्हणून पडलेलं नाव. एरवी तिच्यात सांगण्यासारखं फार नव्हतं. सोळा वर्षं परक्यांच्या पँटी आखूड केल्या, छत्तिसाव्या वर्षी एका बेकरीवालीच्या प्रेमात पडली आणि तिच्या घरी राहायला गेली. कुणी विचारलं तर आडपडदा न ठेवता सांगायची. घरच्यांनी तोंड फिरवलं.

तरी धाकट्या बहिणीच्या लग्नाचा पोशाख शिवायची वेळ आली तेव्हा त्यांना हीच आठवली. सात आठवडे खपून तिनं तो शिवला. लग्नाला बेकरीवालीला घेऊन गेली आणि दिवसभर नवरीच्या मागेपुढे राहिली. मग व्हिडिओ आला, चांगला तीन तासांचा. त्यात टाचणी कुठेच नव्हती. म्हणजे दोन सेकंद होती: नवरीच्या घोळाला टाका घालणारा एक सावळा हात, बोटात अंगुस्तान. व्हिडिओवाल्याच्या नजरेतून सुटला असणार, असं तिला वाटलं. दादाला फोन करून विचारलं, तर तो म्हणाला, "अगं, व्हिडिओ लांब होत होता." आणि हवापाण्याचं बोलायला लागला.

तीन तासांत दादाच्या या बहिणीला जागा नव्हती. टाचणी भांडली नाही. तिनं डूख धरला.

सूड कसा घ्यायचा ते सापडलं वाचनालयाच्या फळ्यावर. दुसऱ्या देशातून येऊन इथे राहिलेल्यांसाठी आणि ज्यांचं प्रेम चारचौघांना खपत नाही अशांसाठी, स्वतःच्या गोष्टीची छोटी फिल्म करायला शिकवणारा वर्ग. टाचणी दोन्ही मापांत बसत होती. शिकवणारी बाई गोरी, मनानं चांगली. पहिल्या दिवशी तिनं कॅमेरा लावला तर आठही जणांचे चेहरे तव्याच्या बुडासारखे आले, कारण उजेडाचं माप तिनं स्वतःच्या चेहऱ्यावरून घेतलं होतं. "गिऱ्हाईक बघून माप घ्यावं, बाई," टाचणी म्हणाली. त्या दिवसापासून वर्गात उजेडाचं माप तीच घ्यायची.

मग ती व्हिडिओवाल्याला जाऊन भेटली. कापलेलं तो फेकत नसे. त्यानं बिचाऱ्यानं ओशाळून सगळं काढून दिलं. चाळीस मिनिटं निघाली. टाचणी हसतेय, टाचणी बेकरीवालीबरोबर नाचतेय, धाकटी टाचणीच्या गळ्यात पडलीय. आणि शेवटी नुसता आवाज. भाषणासाठी कॉलरला लावलेला माइक दादा काढायला विसरला होता आणि तसाच मागच्या खोलीत जाऊन व्हिडिओवाल्याला सांगत होता, "तिला सगळीकडून काढा. ती दुसरी पण. आम्हाला लोकांत तोंड दाखवायचंय."

मग आईचा दबका आवाज: "हात तेवढा राहू दे रे. पोशाख तिनं शिवलाय."

टाचणीच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि त्याचाच तिला जास्त राग आला. म्हणजे आई तिथे होती. सगळं ऐकत होती. अख्खी मुलगी देऊन टाकली आणि हात मागून घेतला! हे वाक्य ऐकून लोक हळहळतील, बिचारी आई म्हणतील, आणि तिच्या आडोशाला दादाही सुटेल. सूड म्हणजे सूड, त्यात मिठाचा खडा नको. शिकवणाऱ्या बाईला भाषा येत नव्हती, पण खालचं भाषांतर वाचून ती या वाक्यापाशी थांबली होती. टाचणी थांबली नाही.

दादाला तिनं दोन ओळींचं पत्र टाकलं. तुम्ही सगळे फिल्ममध्ये आहात, बघायला या. आपण पडद्यावर दिसणार म्हटल्यावर दादा इस्त्रीचा कोट घालून, आईला घेऊन आला आणि रविवारी दुपारी वाचनालयाच्या हॉलमध्ये पुढून तिसऱ्या रांगेत बसला.

टाचणीची फिल्म अकरा मिनिटांची. बेकरीवालीच्या नाचाला लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग पडदा काळा झाला आणि दादाचा आवाज आला, खाली भाषांतर. एकदा आला, लगेच पुन्हा आला, जाड कापडाला दुहेरी टीप घालतात तसा. मग तो हात, दोन सेकंद, आणि संपलं.

दिवे लागले. इतका वेळ भाषांतर वाचणारे लोक आता तोच आवाज जिथून कुजबुजत होता त्या रांगेकडे वळून बघायला लागले. दादा उठला आणि खुर्च्यांना गुडघे आपटत बाहेर गेला. याच क्षणासाठी टाचणीनं दोन वर्षं काढली होती, आणि खोटं कशाला बोला, तिला फार बरं वाटलं.

आई मात्र उठली नाही. हॉल रिकामा झाल्यावर टाचणी तिच्याशेजारी जाऊन बसली.

"मी पण बोलले होते तेव्हा," आई म्हणाली.

"माहितीय."

"मग?"

टाचणीनं पडद्याकडे पाहिलं. "फिल्म लांब होत होती, आई."

दादा फोनवर हेच म्हणाला होता तेव्हा आई शेजारीच असणार; तिला ते बरोबर आठवलं असावं. "होते खरी लांब," ती म्हणाली आणि पर्स उचलून उभी राहिली. ती रागावली असती तर सोपं झालं असतं. टाचणीकडे उत्तरं होती, दोन वर्षं घासून धार लावलेली. ती उत्तरं तशीच राहिली.

बाहेर दादा गाडी सुरू करून बसला होता. आई सावकाश दाराकडे निघाली. तिच्या कोटाची दुमड मागून एका बाजूला उसवली होती आणि काळा दोरा लोंबत होता. टाचणीच्या पिशवीत सुई होती, त्याच रंगाचा दोरा होता. पाच मिनिटांचं काम. आई दाराबाहेर जाईपर्यंत ती त्या उसवलेल्या कडेकडे बघत बसून राहिली.